‘आज पाचच्या आत पैसे भरा, नाहीतर अटक!’ थकीत कर्जाच्या नावाने आलेला फोन खरा की बनावट, कसं ओळखायचं?

दुपारचे साडेतीन वाजलेत. तुम्ही ऑफिसात आहात. अनोळखी नंबरवरून फोन येतो. पलीकडचा माणूस तुमचं पूर्ण नाव घेतो, तुमचा पॅन नंबर वाचून दाखवतो आणि म्हणतो, “सर, लीगल डिपार्टमेंट से बोल रहा हूँ. आपके नाम पे लोन का केस फाइल हो रहा है.”

रक्कम सांगतो १८ हजार ६४० रुपये. पाचच्या आत भरले नाहीत तर वॉरंट निघेल, पोलीस ऑफिसात येतील, एचआरला मेल जाईल. पण आत्ताच्या आत्ता भरत असाल तर ९ हजारांत ‘सेटलमेंट’ करून देतो, असंही सांगतो. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ येते. त्यावर अशोकस्तंभ, कोर्टाचा शिक्का, तुमचं नाव आणि घरचा पत्ता.

तुम्ही कधी कर्ज घेतलंच नसेल तर गोंधळ उडेल, पण थोड्या वेळाने तुम्ही सावरालही. मात्र कर्ज घेतलं असेल आणि दोन हप्ते खरोखरच थकले असतील, तर पोटात गोळाच येतो. आपली चूक आहे, हे तुम्हाला माहीत असतं. त्यामुळे समोरचा कोण आहे, हे विचारायचं धाडस होत नाही. बनावट वसुलीच्या फोनमध्ये असा माणूस सगळ्यात लवकर अडकतो.

म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. तुमचं कर्ज थकलंय याचा अर्थ फोन करणारा खरा आहे, असा होत नाही. कर्ज खरं असेल तर ते कागदावर सापडतं. फोनवरच्या आवाजाने काहीच सिद्ध होत नाही.

हा प्रकार नेमका काय आहे?

बनावट वसुलीचे साधारण तीन प्रकार आहेत. तिन्हींत फोन सारखाच वाटतो, पण प्रत्येकात करायच्या गोष्टी थोड्या वेगळ्या आहेत.

पहिला प्रकार म्हणजे कर्जच नसतं. तुम्ही कधी कुठे ऑनलाइन फॉर्म भरला असेल किंवा ‘तुम्हाला किती लोन मिळेल ते बघा’ अशा जाहिरातीवर क्लिक केलं असेल. तिथून नाव, नंबर, पॅन असा डेटा फिरत फिरत भामट्यांच्या हाती लागतो. मग ‘२०१९ मध्ये तुम्ही क्रेडिट कार्ड घेतलं होतं, त्याची थकबाकी आहे’ असं सांगून पैसे मागितले जातात. कधीकधी वारलेल्या वडिलांच्या नावावरचं कर्जही सांगितलं जातं. घरात कुणालाच नक्की माहीत नसतं, आणि वडिलांच्या नावाला बट्टा नको म्हणून मुलं पैसे भरून मोकळी होतात.

दुसऱ्या प्रकारात कर्ज खरं असतं, पण फोन करणारा खोटा असतो. तुमचा हप्ता चुकलाय ही माहिती त्याच्यापर्यंत पोचलेली असते, किंवा तो अंदाजाने बोलत असतो. तो बँकेचा एजंट असल्याचं सांगतो आणि पैसे स्वतःच्या खात्यात घेतो. बँकेतली थकबाकी तशीच राहते. महिनाभराने खरा एजंट फोन करतो, तेव्हा माणसाला कळतं की आपण भरलेले पैसे बँकेत गेलेच नाहीत.

तिसरा प्रकार बेकायदा लोन ॲपचा. पाच हजारांचं कर्ज मंजूर झालं असं दाखवायचं, ‘प्रोसेसिंग फी’ कापून हातात तीन हजार टेकवायचे आणि सातव्या दिवशी पूर्ण रक्कम मागायची. ॲप टाकतानाच फोनमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो उचललेले असतात. पैसे परत केले तरी ‘सिस्टीममध्ये अजून दिसतंय’ म्हणून पुन्हा मागणी होते.

हा तिसरा प्रकार किती पसरला होता, याचा अंदाज रिझर्व्ह बँकेच्या एका अहवालातून येतो. आरबीआयने जानेवारी २०२१ मध्ये डिजिटल कर्जांवर एक कार्यगट नेमला. त्या वर्षीच्या जानेवारी आणि फेब्रुवारी महिन्यांत या गटाला वेगवेगळ्या ॲप स्टोअरवर मिळून सुमारे ११०० लोन ॲप सापडली. त्यातली ६०० बेकायदा होती. त्याआधी, २०२० च्या अखेरीस, तेलंगणात ॲपच्या छळाला कंटाळून काही कर्जदारांनी आत्महत्या केल्या होत्या आणि हैदराबाद पोलिसांनी कॉल सेंटरवर छापे टाकले होते.

ही स्क्रिप्ट जुनीच आहे

‘तुमच्याकडे सरकारचे पैसे थकलेत, आत्ता भरा, नाहीतर पोलीस येतील’ हे वाक्य मुंबईच्या वेशीवर बसून हजारो वेळा बोललं गेलंय. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर छापे टाकले. शेकडो मुलं-मुली ताब्यात घेतली गेली. तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन जायचे. फोन करणारे स्वतःला तिकडच्या कर खात्याचे अधिकारी म्हणवायचे, कर थकल्याचं सांगायचे आणि अटकेची भीती घालून गिफ्ट कार्डवर पैसे उकळायचे.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने अशाच फसवणुकीच्या प्रकरणात ५६ व्यक्ती आणि भारतातली ५ कॉल सेंटर आरोपी केली. २०१८ मध्ये या प्रकरणात तिथल्या २१ जणांना शिक्षा झाली, कमाल शिक्षा २० वर्षांची होती.

त्याहीआधी, २०१२ मध्ये, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने भारतातून येणाऱ्या अशाच फोनचं एक जाळं कोर्टातून थांबवलं होतं. त्यात लोकांकडून न घेतलेल्या किंवा त्या कंपनीचं देणंच नसलेल्या कर्जाची वसुली केली जात होती.

हे सांगायचं कारण असं की समोरचा माणूस तुमच्याशी बोलत असतो तेव्हा तो समोरच्या कागदावरची वाक्यं वाचत असतो. तुम्ही काय उत्तर द्याल आणि त्यावर पुढे काय म्हणायचं, हे आधीच ठरलेलं असतं. तुम्ही ‘मी कर्ज घेतलं नाही’ म्हणालात तर त्याचं उत्तर तयार आहे. ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ म्हणालात तर त्याचंही आहे. म्हणूनच त्याच्याशी वाद घालून जिंकता येत नाही.

फोन सुरू असतानाच काय ओळखायचं?

*घाई.* ‘पाचच्या आत’, ‘पुढच्या अर्ध्या तासात’, ‘फोन ठेवला तर केस पुढे जाईल’. खरी बँक महिनोन्‌महिने पत्रं पाठवते. तुम्ही एक दिवस मागितल्याने तिचं काही बिघडत नाही. बिघडतं ते भामट्याचं, कारण एक दिवस मिळाला तर तुम्ही कुणाला तरी विचाराल.

*अटकेची धमकी.* हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे. फक्त हप्ता चुकला म्हणून पोलीस दारात येत नाहीत. याला एक अपवाद सगळ्यांना माहीत असायला हवा. दिलेला चेक बाउन्स झाला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली खटला होऊ शकतो. ऑटो-डेबिट बाउन्स झालं तरी तशीच कायद्यात तरतूद आहे. पण तिथेही आधी लेखी नोटीस येते, पैसे भरायला १५ दिवस मिळतात, मग कोर्टात तक्रार आणि त्यानंतर समन्स. दुपारी फोन आणि संध्याकाळी अटक असं त्यात कुठेच नाही. आणि ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही.

*व्हॉट्सॲपवरची ‘कोर्ट ऑर्डर’.* अशोकस्तंभ, शिक्का आणि सही कुणालाही कॉम्प्युटरवर जोडता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय की पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावू नये. वकिलाची नोटीस आली असेल तर ती वकिलाने पाठवलेलं पत्र असतं, कोर्टाचा आदेश नसतो. खरा खटला दाखल असेल तर त्याला केस नंबर आणि १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. ई-कोर्ट्सच्या सरकारी वेबसाइटवर तो टाकला की खटला दिसतो. दिसला नाही, किंवा समोरचा नंबर द्यायलाच तयार नसेल, तर काय समजायचं ते समजा.

*पैसे कुठे मागतोय?* ही सगळ्यात पक्की खूण. कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआय आयडीवर, क्यूआर कोडवर किंवा मोबाइल नंबरवर पैसे मागितले की तिथेच थांबा. आरबीआयच्या नियमानुसार डिजिटल कर्जाची परतफेड थेट कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या खात्यात व्हायला हवी, मधल्या कुणाच्या खात्यातून नाही.

*ओटीपी, स्क्रीन शेअर, एपीके.* ‘तुमचं स्टेटमेंट बघायला ही फाइल डाउनलोड करा’ असं कुठलाही वसुली एजंट सांगत नाही. ती फाइल टाकली तर नऊ हजार सोडा, अख्खं खातं रिकामं होऊ शकतं.

*गुप्तता.* ‘घरच्यांना सांगू नका, तुमचीच बदनामी होईल.’ असं म्हणणाऱ्याला तुमच्या बदनामीची काळजी नसते. तुम्ही एकटे राहावं एवढंच त्याला हवं असतं.

आणि ज्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये, त्या कोणत्या? त्याला तुमचं नाव, पॅन, पत्ता माहीत आहे, हा पुरावा नाही. डीपीवर पोलिसाचा किंवा बँकेच्या लोगोचा फोटो आहे, हाही नाही. नंबर ओळखणाऱ्या ॲपवर ‘लीगल ऑफिसर’ असं नाव दिसतंय, हा तर अजिबातच नाही. ते नाव त्यानेच टाकलेलं असू शकतं.

मग खरी वसुली कशी होते?

बँका आणि एनबीएफसींना थकबाकी मागायचा पूर्ण हक्क आहे. पण मागायची पद्धत ठरलेली आहे.

आरबीआयच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. बचत गटांमार्फत किंवा मायक्रोफायनान्सकडून घेतलेल्या छोट्या कर्जांसाठी ही वेळ आणखी कमी आहे, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. शिवीगाळ, धमकी, निनावी फोन, सतत फोन करून छळणं, चारचौघांत अपमान करणं, घरच्यांच्या आणि मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसणं, मोबाइलवर किंवा सोशल मीडियावर अर्वाच्य मेसेज पाठवणं, खोटी माहिती देणं, हे सगळं या परिपत्रकात मना केलंय.

वसुलीचं काम एजन्सीला दिलं असेल तर बँकेने तुम्हाला तसं कळवायला हवं. डिजिटल कर्जात तर एजंटने संपर्क करण्याआधीच त्याची माहिती तुम्हाला मेल किंवा एसएमएसवर यायला हवी. घरी येणाऱ्या एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असलं पाहिजे. ते मागायला लाजू नका.

लोन ॲपला तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग आणि गॅलरी बघायची परवानगी आरबीआयने २०२२ मध्येच नाकारली आहे. त्यामुळे एखादं ॲप ही परवानगी मागत असेल तर ते टाकूच नका.

आता एक अडचणीचा मुद्दा. खरे एजंटही हे नियम मोडतात. त्यामुळे ‘रात्री ९ ला फोन आला, शिव्या दिल्या, म्हणजे तो बनावटच’ असा निष्कर्ष काढता येत नाही. पण तुमच्यासाठी त्याने फारसा फरक पडत नाही. तो बनावट असेल तर पोलिसांत तक्रार होते. खरा असेल तर बँकेकडे आणि आरबीआयकडे तक्रार होते, आणि धमकी दिली असेल तर पोलिसांतही. फोनवर घाबरून पैसे भरायचे नाहीत, हे दोन्हींत सारखंच.

नंबरवरून थोडी मदत होते. बँका आणि वित्तीय कंपन्यांच्या सेवा आणि व्यवहारांच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका ठेवलेली आहे, जाहिरातीच्या फोनसाठी १४० ची. म्हणून साध्या दहा आकडी नंबरवरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याकडे संशयाने बघा. पण फक्त नंबर बघून हो किंवा नाही ठरवू नका.

फोन आला तर काय बोलायचं?

कमीत कमी. ‘हो, मीच घेतलं होतं’, ‘माझा पगार एक तारखेला होतो’, ‘सध्या मी पुण्याला असतो’ असली माहिती देऊ नका. पुढच्या फोनमध्ये ती तुमच्यावरच वापरली जाते. फक्त चार गोष्टी विचारा.

१. कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं पूर्ण नाव काय?
२. कर्ज खाते क्रमांक काय?
३. तुमचं नाव, एजन्सीचं नाव आणि ऑफिसचा पत्ता काय?
४. हे सगळं कंपनीच्या अधिकृत मेलवरून लेखी पाठवाल का?

उत्तर काहीही येवो, शेवटी एवढंच म्हणा, “मी बँकेत स्वतः चौकशी करतो. तुमच्याशी फोनवर व्यवहार करणार नाही.” आणि फोन ठेवा. त्याचं ‘हॅलो, हॅलो, ऐका’ सुरू असतानाच ठेवा. हा उद्धटपणा नाही. शक्य असेल तर कॉल रेकॉर्ड करा, निदान नंबर आणि वेळ लिहून ठेवा.

फोन ठेवल्यावर पडताळणी कशी करायची?

*बँकेला तुम्ही फोन करा.* त्याने दिलेल्या नंबरवर नाही. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून सापडलेल्या नंबरवरही नाही, तिथेही भामट्यांनी आपले नंबर पेरलेले असतात. पासबुक, कार्डाची मागची बाजू, कर्जाचा करार किंवा बँकेची अधिकृत वेबसाइट इथला नंबर घ्या. आरबीआयच्या सूचनेनुसार बँकांच्या वेबसाइटचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’ वर गेले आहेत. एखाद्या व्यापारी बँकेच्या वेबसाइटचा शेवट तसा नसेल तर जपून.

*क्रेडिट रिपोर्ट काढा.* देशात चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत, सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीला वर्षातून एकदा तुमचा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावा लागतो. बँका आणि एनबीएफसींनी दिलेली कर्जं त्यात दिसतात. अगदी ताज्या नोंदीला थोडे दिवस लागतात, पण ‘२०१९ चं कर्ज’ चारही रिपोर्टमध्ये नसेल तर संशयाला भरपूर जागा आहे.

*ॲपचं नाव तपासा.* आरबीआयने जुलै २०२५ पासून बँका आणि एनबीएफसींच्या डिजिटल लोन ॲपची यादी आपल्या वेबसाइटवर ठेवली आहे. यादीत ॲप नसेल तर त्याच्या कुठल्याही ‘सेटलमेंट’ला हात लावू नका.

रिपोर्टमध्ये तुम्ही न घेतलेलं कर्ज खरोखरच दिसलं तर? मग तुमचा पॅन वापरून दुसऱ्याच कुणी कर्ज घेतलंय. क्रेडिट माहिती कंपनी आणि ते कर्ज देणारी संस्था, दोघांकडे लेखी हरकत नोंदवा आणि पोलिसांत तक्रार करा. हरकतीचा निपटारा ३० दिवसांत व्हायला हवा, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

वडिलांच्या कर्जाचं काय? कर्ज खरं असलं तरी वारसाची जबाबदारी त्याला वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. मुलाने स्वतःच्या पगारातून ते फेडावं असा कायदा नाही. त्यामुळे भावनेच्या भरात यूपीआय करण्याआधी कागद मागा.

पैसे भरून टाकले असतील तर?

आधी १९३० वर फोन करा. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले ती बँक कळवली जाते आणि रक्कम तिथेच असेल तर गोठवता येते. भामटे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतात. म्हणून ‘उद्या सकाळी बघू’ इथे महागात पडतं.

फोन करताना व्यवहाराचा यूटीआर नंबर, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. मग स्वतःच्या बँकेला कळवा आणि सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करा. चॅट डिलीट करू नका. राग आला तरी ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या.

पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं ऐकायला मिळालं तर झिरो एफआयआरचा आग्रह धरा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, तशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८, धमकीसाठी ३५१ आणि सरकारी नोकर असल्याची बतावणी करण्यासाठी २०४ आहे.

पैसे गेले नसतील, फक्त फोन आला असेल, तर संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षु’मध्ये तो नंबर कळवा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि सावध राहा, कारण फसलेल्याला काही दिवसांनी आणखी एक फोन येतो. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला दोन हजार भरा.’ हा त्याच फसवणुकीचा दुसरा भाग असतो.

‘तुझे फोटो सगळ्यांना पाठवतो’ म्हणाला तर?

बेकायदा ॲपवाल्यांचं हे शेवटचं हत्यार. चेहरा दुसऱ्याच अश्लील फोटोवर चिकटवायचा आणि आई-वडील, सासर, बॉस अशा सगळ्यांना पाठवायची धमकी द्यायची. इथे अनेक जण पैसे भरतात आणि मागणी थांबत नाही, कारण हा माणूस घाबरतो आणि भरतो हे आता त्यांना कळलेलं असतं.

पैसे भरू नका. त्याच्याआधी तुम्हीच लोकांना सांगा. घरातल्या एका माणसाला समोर बसून सांगा आणि बाकीच्यांना एक मेसेज टाका, “माझा फोन डेटा एका फसव्या लोन ॲपने चोरलाय. माझ्या नावाने खोटे फोटो किंवा मेसेज आले तर उघडू नका, पुढे पाठवू नका, मला स्क्रीनशॉट पाठवा. पोलिसांत तक्रार दिली आहे.” हा मेसेज टाकणं अवघड वाटतं. पण तो गेल्यावर धमकी देणाऱ्याच्या हातात फार काही उरत नाही.

असे फोटो पाठवणं हा आयटी ॲक्टखालीही गुन्हा आहे. तक्रार करणाऱ्याची यात काहीही चूक नाही, हे पोलीस ठाण्यात जाताना मनात पक्कं असू द्या. ताण असह्य होत असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर १४४१६ या टेली मानस हेल्पलाइनवर कधीही फोन करता येतो. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

फोन तुमच्या मित्राच्या कर्जासाठी आला तर?

‘तुमच्या मित्राने तुम्हाला जामीनदार दाखवलंय, तुम्हीच भरा.’ घाबरू नका. बँकेच्या कर्जाला जामीनदार व्हायचं तर करारावर तुमची सही लागते. कुणी फॉर्मवर तुमचा नंबर ‘रेफरन्स’ म्हणून लिहिला, किंवा ॲपने त्याच्या फोनमधून चोरला, म्हणून तुम्ही एक रुपयाही देणं लागत नाही.

मात्र पुढचं पाऊल महत्त्वाचं आहे. हा स्क्रीनशॉट सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपवर टाकून ‘बघा याचे प्रताप’ म्हणू नका. मित्राला एकट्याला फोन करा आणि विचारा, “तू ठीक आहेस ना? काही मदत हवी का?” ही सगळी टोळी एकाच गोष्टीवर जगते, चार लोकांत इज्जत जाईल या भीतीवर. ते चार लोक म्हणजे तुम्हीच असता.

आणि कर्ज खरंच थकलं असेल तर?

तर लपू नका, पण एजंटशी फोनवर सौदाही करू नका. थेट शाखेत जा किंवा अधिकृत मेलवर लिहा. हप्ता कमी करून मुदत वाढवणं किंवा एकरकमी तडजोड यावर बोलणी होऊ शकतात. तडजोड झाली तर बँकेच्या लेटरहेडवरचं पत्र आधी घ्या, पैसे कर्ज खात्यातच भरा आणि शेवटी ‘नो ड्यूज’ दाखला मागा. तडजोडीने मिटवलेलं कर्ज क्रेडिट रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ असं दिसतं आणि पुढचं कर्ज मिळताना त्याचा त्रास होतो, हेही माहीत असू द्या.

लोक अदालतीची नोटीस आली तर ती खरी आहे का, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारता येतं. लोक अदालत तडजोडीसाठी असते, अटकेसाठी नाही.

खऱ्या एजंटने छळ केला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर मोफत नोंदवता येते आणि माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. ॲप किंवा कंपनी आरबीआयकडे नोंदलेलीच नसेल तर आरबीआयच्याच ‘सचेत’ पोर्टलवर तक्रार करा.

थोडक्यात, घरच्या ग्रुपवर टाकायचं असेल तर

- फोनवर पैसे मागितले, घाई केली, अटकेची भीती घातली की फोन ठेवा.
- बँकेचा नंबर स्वतः शोधा आणि स्वतः फोन करा.
- वैयक्तिक यूपीआयवर किंवा क्यूआर कोडवर हप्ता भरू नका.
- मोफत क्रेडिट रिपोर्ट काढून बघा.
- पैसे गेले तर लगेच १९३०.
- फोटोची धमकी आली तर भरू नका, घरच्यांना सांगा.

आणि हे वाचून तुम्हाला घरातलं किंवा ऑफिसातलं कुणी आठवलं, जे हल्ली फोन वाजला की दचकतं आणि बाहेर जाऊन बोलतं, तर त्याला नुसता फॉरवर्ड करू नका. आज संध्याकाळी त्याच्याशी बोला.